रिद्धपूर ते ऋणमोचन: विचारण्याची वऱ्हाडी रीत

कीर्तनाचे काही नेम ठरलेले आहेत. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिथं उभा राहिलेला माणूस वयानं पोरगेला असला तरी सत्तरीचा म्हातारा त्याच्या पायावर डोकं ठेवतो. गळ्यात हार, कपाळाला बुक्का, मागे टाळकरी, बाजूला मृदंग. श्रोत्यांनी मांडी घालून बसायचं, गजर आला की आवाज मिसळायचा, टाळी वाजवायची आणि बाकीचा वेळ ऐकायचं. निरूपण रंगात आलेलं असताना मध्येच उठून ‘महाराज, हे कशावरून?’ असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर आजूबाजूचे लोक सदरा ओढून त्याला खाली बसवतात. शेकडो वर्षांचा हा नेम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात मोडला गेला आणि तो मोडला खुद्द कीर्तनकारानं. तोच समोरच्यांना विचारू लागला आणि उत्तर आल्याशिवाय पुढं सरकेना.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. जात परटाची. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला, मूर्तिजापूरकडे आली. डेबूजी मामाच्या घरी गुरं राखत, नांगर धरत वाढला. शाळेची पायरी चढला नाही. पुढं सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली आणि मामाही त्या धक्क्यानं खचून गेला. म्हणजे दारू आणि कर्ज ही दोन्ही संकटं त्यानं पुस्तकात वाचली नव्हती, घरात पाहिली होती.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट त्यांच्या सगळ्या चरित्रांत येते. बारसं म्हटलं की जातभाईंना मटण आणि दारू, हा रिवाज. ऐपत असो नसो, बोकड कापला पाहिजे, नाहीतर पंचांसमोर मान खाली. डेबूजीनं जातभाईंचा रोष पत्करून गोडाचं जेवण वाढलं. आज आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण त्या काळी जातीच्या पंगतीचा नेम मोडणं म्हणजे पाणी, सोयरीक आणि खांदा या तिन्ही गोष्टी पणाला लावणं होतं. त्यानं त्यावर भाषण दिलं नाही. ज्या दारूनं बाप नेला ती लेकीच्या बारशाला का वाढायची, एवढा सरळ विचार त्यामागं होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घर सोडून निघाला. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं गाडगं. गावात शिरायचं, खराटा मागून घ्यायचा आणि कुणाला काही न सांगता रस्ते झाडायला लागायचं. लोक आधी वेडा समजायचे, मग बघायला जमायचे, मग दोघंचौघं खराटे घेऊन सोबत यायचे. संध्याकाळी झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन. पाया पडायला आलेल्याला ते काठी उगारून हाकलत. कीर्तनाचा नेम पहिल्या पायरीलाच मोडायचा, कारण पाया पडलेला माणूस उलट बोलू शकत नाही आणि बाबांना तर त्याच्याकडून बोलणं हवं होतं.

त्या कीर्तनाची तऱ्हा जवळून बघण्यासारखी आहे. भाषा वऱ्हाडी, शेतातली. सुरुवात अगदी निरुपद्रवी. देव किती, असं विचारायचं. हजार लोक एका आवाजात सांगायचे, एक. मग विचारायचं, तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीमाय? आहे. एकेका ‘आहे’ बरोबर आकडा वाढत जायचा आणि आधी छातीठोक सांगितलेलं ‘एक’ लोकांच्याच तोंडून निसटायचं. किंवा देवळातला दिवा घ्यायचा. देव कशामुळं दिसतो? दिव्यामुळं. दिवा विझवला तर दिसेल का? नाही. मग दोघांत मोठा कोण? इथं सभा गप्प व्हायची. बाबा त्या शांततेची घाई करत नसत. थांबत. मग गोपाळाचा गजर सुरू करत, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावत आणि त्या आवाजात लाजलेली, गोंधळलेली माणसं पुन्हा एकत्र यायची. पुढचा प्रश्न त्यानंतर.

गजराची ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. प्रश्नानं माणूस एकटा पडतो. ज्या समजुतीवर घरदार चाललं, ती हातून सुटते आहे असं वाटलं की तो चिडतो किंवा उठून जातो. गाडगेबाबांनी त्याला उठून जाऊ दिलं नाही. देव काढून घेतला नाही. विठ्ठल राहू दिला, गोपाळ राहू दिला आणि देवाच्या नावानं जे चाललं होतं तेवढंच समोर मांडलं. आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारखे लेखणीचे बहाद्दर या निरक्षर माणसाच्या कीर्तनानं भारावले ते उगाच नाही. प्रबोधनकारांनी त्यांचं चरित्र लिहिलं ते १९५२ मध्ये, बाबा हयात असताना. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तर तरुणपणी त्यांच्या सोबत फिरले होते.

प्रश्न देवापासून सुरू व्हायचे, पण उतरायचे हिशोबावर. बोकड कितीला आला? पैसे कुणाकडून काढले? व्याज किती? फेडायला किती सुगी लागल्या? तेवढ्यात पोराची पाटी-पेन्सिल किती वर्षं आली असती? ऋण काढून सण करू नका, हे त्यांच्या शिकवणीतलं कलम आज भिंतींवर रंगवलेलं दिसतं. पण ते वऱ्हाडात का जन्माला आलं हे समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीत विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, अमरावती, अकोला, खामगावच्या बाजारपेठा फुगल्या. पैसा खेळू लागला तशी लग्नं मोठी झाली, पंगती मोठ्या झाल्या, नवसही मोठे झाले. मग भाव पडले. सारा मात्र रोखीनं भरायचाच होता आणि थाटाची सवय लागलेली होती. मधली फट सावकारानं भरली. त्यावर १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. दुसरा तर आमच्याकडं ‘छप्पन्नचा’ म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला. डेबूजी तेव्हा विशीत होता, हातात औत होतं. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या कुणब्याला आणि परटाला रीत पाळायची किंमत दाण्यांत मोजावी लागली. ती मोजणी बाबांनी पुढं पन्नास वर्षं लोकांकडून करून घेतली.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. नदीवर लोक ओंजळीनं पितरांना पाणी देत होते. बाबा उलट्या दिशेला पाणी उडवू लागले. काय करता, असं विचारल्यावर म्हणाले, वऱ्हाडातल्या शेताला पाणी देतो. एवढ्या लांब कसं जाईल? मग तुमचं स्वर्गापर्यंत कसं जातं? घाटाचं नाव सांगणाऱ्यागणिक बदलतं. गुरू नानकांबद्दल हरिद्वारच्या घाटावरची अगदी हीच गोष्ट सांगतात, त्यांचं शेत पंजाबात. गोष्ट चांगली आहे आणि चांगल्या गोष्टीला पाय फुटतात. पण मला विचाराल तर गाडगेबाबांची खरी ताकद या गोष्टीत दिसत नाही. इथं विचारणारा शहाणा ठरतो आणि ओंजळ धरून उभा असलेला माणूस खजील होऊन घरी जातो. कीर्तनात तसं होत नसे. तिथं उत्तर श्रोत्याच्याच तोंडून निघायचं. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं स्वतःचं उत्तर माणसाला नाकारता येत नाही.

माझ्या आजीनं बाबांचं कीर्तन ऐकलेलं. ती दर्यापूरकडची, तिकडच्याच खेड्यात दिलेली, अक्षरशत्रू. ती सांगायची, “आम्ही समद्या बाया मांगं बसलो व्हतो. बाबानं इचारलं, पोरीले शाळेत कोन कोन धाडते? कोनीच बोललं नाई माय. मंग थो बी बोलला नाई. उभाच रायला, आमच्याकडं पाहत. मले वाटलं, आता बोलन, मंग बोलन. थो बोलेच ना. मले त लयच कसंतरी झालं. घरी येता येता तुह्या आबाले म्हनलं, आपली पोरगी काहून घरी बसवली?”

ती पोरगी म्हणजे माझी आत्या. ती चौथीपर्यंत शिकली. त्या काळी आमच्या गावात हे फार होतं. कीर्तनात बाबा सांगत की ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला स्वस्त लुगडं घ्या, पण लेकराला शाळेत घाला. शिक्षणानं माणूस कुठं जातो याचं उदाहरण म्हणून ते डॉ. आंबेडकरांचं नाव घेत. आजीला हे सगळं आठवत होतं, पण ते उपदेश म्हणून. तिच्या काळजाला लागली होती ती त्या माणसाची गप्प उभी राहण्याची वेळ.

मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि त्यामुळं मला या रीतीचं मूळ अजून मागं दिसतं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर अमरावतीहून फार लांब नाही. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू होते. लोक त्यांना वेडा राऊळ समजत. ते कुणाच्याही घरात शिरत, कुणाच्याही हातचं खात. कोणत्या उंबऱ्याला शिवायचं आणि कोणत्या नाही, हे गावानं आखून दिलेलं त्यांनी कधी पाळलं नाही. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. त्यांच्या पंथात बायका होत्या, विधवा होत्या, शूद्र म्हणवले गेलेले होते. आणि त्यांत महदाइसा होती.

महदाइसेला आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखतो. कृष्णाच्या लग्नाचे तिचे धवळे रिद्धपुरातलेच. पण चक्रधरांच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ वाचताना माझं लक्ष तिच्या काव्यापेक्षा तिच्या विचारण्याकडं जातं. ती सारखी विचारते. हे असं का, ते तसं का, या शब्दाचा अर्थ काय, या स्थानाचा महिमा कशावरून. आणि चक्रधर वैतागत नाहीत. म्हातारी चर्चा करणारी आहे, जाणून घेणारी आहे, असं तिचं कौतुक करतात. सातशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एक विधवा बाई गुरूला प्रश्न विचारते, गुरू त्याला उत्तर देतो, आणि पंथातलाच म्हाइंभट हे सगळं रिद्धपुरात बसून, माणसं गाठून, आठवणी ताडून मराठी गद्यात लिहून ठेवतो. पुढं पंथातल्या विद्वानाला संस्कृतात लिहायची इच्छा झाली तेव्हा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी त्याला अडवलं, कारण संस्कृत झालं तर स्वामींच्या साध्यासुध्या बाया त्या ज्ञानाला मुकतील. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर वाचता आलं पाहिजे, इतका साधा तो आग्रह.

विटाळाबद्दल चक्रधरांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर तर आजही मोठ्यानं सांगायला लोक कचरतात. नाकातून शेंबूड येतो, तसंच हेही शरीरातून बाहेर पडणारं एक द्रव्य. ते पाळलं नाही म्हणून काही बिघडत नाही. मध्ये शतकांमागून शतकं गेली आणि माझ्या वर्गातल्या नववीच्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस गैरहजर राहत होत्या. ‘कावळा शिवला’ म्हणून घरात बाजूला बसवलेल्या.

एकदा मी त्यांना चक्रधरांचं हे उत्तर सांगितलं. वर्ग खाली मान घालून हसला. मग मी विचारलं, त्या दिवसांत शिवलं तर काय होतं म्हणतात? एक म्हणाली, लोणचं नासते. दुसरी म्हणाली, पापड लाल पडते. तुळस सुकते. मी फळ्यावर सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, यातलं कुणी स्वतः पाहिलं आहे का? कुणीच नाही. आईनं? माहीत नाही. आजीनं? तिच्या आजीनं सांगितलं होतं. मी त्यावर काहीच बोलले नाही आणि तास संपला. पुढं बऱ्याच दिवसांनी मधल्या सुट्टीत एक मुलगी आली. दप्तरातून तिनं एक छोटी काचेची बरणी काढली. कैरीचं लोणचं, वर तेलाचा तवंग, मोहरीची डाळ खाली बसलेली. म्हणाली, “बाई, मी ह्याले शिवलो व्हतो. त्या दिवसात. मायले सांगितलं नाई. पाहा बरं, काई झालं का?” आम्ही दोघींनी ते लोणचं डब्यातल्या पोळीसोबत खाल्लं. चव चांगली होती. नंतर तिनं आईला सांगितलं का, आईनं मार दिला का, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतर ती त्या दिवसांत वर्गात दिसू लागली.

मी तिला काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं आईच्या आज्ञेऐवजी माझी आज्ञा पाळली असती. एवढंच. बरणी लपवून ठेवायचं तिचं तिला सुचलं.

देवळाच्या दाराचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटण्यासारखा नव्हता. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला अख्खा वऱ्हाड येतो. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. पण १९२७ मध्ये अस्पृश्यांनी त्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही असा दंडक होता. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला. नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह करायचा, हा विषय. सत्याग्रहाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या सवर्णांत डॉ. पंजाबराव देशमुख होते, पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांना शास्त्राधार दाखवून गप्प करता येणं कठीण होतं, कारण वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास यावरच विलायतेत प्रबंध लिहून ते परतले होते. पुढं मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचं विधेयक आणलं. देवळात जमा होणारा पैसा कुणाचा आणि तो कशावर खर्च व्हावा, असा तो प्रश्न होता. कीर्तनातला बोकडाचा हिशोब तिथं कायदेमंडळात पोचला होता, असं मी म्हणते.

गाडगेबाबांनी मंदिराच्या दाराशी भांडण मांडलं नाही. पंढरपुरात ते वाळवंट झाडत, कीर्तन करत आणि विठोबाच्या दर्शनाला आत जात नसत असं त्यांचे सोबती सांगत. ज्यांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. अशाच धर्मशाळा नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूरला झाल्या, पुढं मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. लाखो रुपये हातातून गेले आणि अंगावरची चिंधी बदलली नाही. १९५२ मध्ये सगळ्या संस्था एका मिशनखाली आणल्या. घरच्यांचा त्यांवर हक्क ठेवला नाही. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

इथं मला कुंताबाईंबद्दल लिहिलंच पाहिजे. १९०५ च्या त्या रात्री दापुऱ्याच्या घरात म्हातारी आई होती, बायको होती, लहान लेकरं होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चरित्रांत हा प्रसंग वैराग्याचा म्हणून येतो आणि वाचणारा पुढं सरकतो. मी बाई आहे, मला पुढं सरकता येत नाही. संन्यासाची परंपरा असं जाणं थोर मानते, पण ज्या माणसानं प्रत्येक परंपरेला ‘याची किंमत कोण भरतं?’ असं विचारायला शिकवलं, त्याच्याच घरी ही किंमत कुंताबाईंनी भरली. पुढं ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगतीसाठी राबणाऱ्यांत त्या होत्या. त्यांचं मोठेपण मी मानते. बाबांचंही मानते. तरीही हा प्रश्न मी मुलांसमोर वर्गात मांडत आले, कारण तो वगळून बाबा शिकवले तर ते बाबांना धरून झालं नसतं. एका मुलानं विचारलं होतं, बाई, मग बाबा चुकले का? मी म्हटलं, तू सांग. वर्ग तासभर भांडला.

ऋणमोचन भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठावर. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. तिथं स्नान केलं की माणूस ऋणातून सुटतो ही जुनी श्रद्धा. सावकाराच्या वहीत अडकलेल्या वऱ्हाडातून दर पौषात बैलगाड्या भरभरून लोक तिथं का यायचे, हे वेगळं सांगायला नको. पूर्णाकाठची काळी माती ओली झाली की पाय घसरतो. म्हातारी माणसं, डोक्यावर लेकरं घेतलेल्या बाया चढण चढताना पडायच्या. डेबूजी घर सोडायच्या आधीपासून या यात्रेत खपायचा, वाट नीट करायचा, माणसांना हात द्यायचा. पुढं तिथं घाट झाला. मला या दोन गोष्टी एकत्र दिसतात. स्नानानं कर्ज फिटतं का, हा प्रश्न त्यानं कीर्तनात विचारला. पण फिटतं असं मानून आलेली म्हातारी चिखलात पडू नये, याची सोय आधी केली. प्रश्न विचारणाऱ्याचं ऐकून घेतलं जातं ते यामुळं. नुसत्या तर्कानं कुणी आपली समजूत सोडत नाही.

हे मला आज मेळघाटच्या बातम्या वाचताना आठवतं. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके द्यायचे, त्याला डंबा म्हणतात. अजूनही अशी लेकरं दवाखान्यात येतात. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण चटका देणाऱ्या भूमकाला, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाला, अटक झाल्याची बातमी वाचून अमरावतीतले आपण लोक त्या आईला अडाणी म्हणतो आणि पान उलटतो. तिला पाड्यावर डॉक्टर कधी भेटतो, पावसाळ्यात रस्ता राहतो का, रात्री गाडी येते का, हे विचारत नाही. चिखलात वाट करून देणं राहून जातं आणि उपदेश तेवढा उरतो. शिवाय तेच आपण लोक घराचं दार वास्तूप्रमाणं फोडून पूर्वेला करतो, त्यासाठी बँकेचं कर्ज काढतो. ते कर्ज फेडायला किती वर्षं लागतील, हे विचारायला कुणी कीर्तनकार दारात उभा नसतो.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडं येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी प्राण सोडला. डॉ. आंबेडकर जाऊन चौदाच दिवस झाले होते. माझं स्मारक करू नका, मूर्ती बसवू नका, असं त्यांनी सांगून ठेवल्याची आठवण त्यांची माणसं सांगत. अमरावतीत समाधी झाली, पुतळे झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला पुढं त्यांचं नाव मिळालं, याचा मला अभिमान आहे. २००० साली सरकारनं त्यांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं आणि खेडीच्या खेडी उजळली, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. त्या अभियानाला मी नावं ठेवणार नाही. पण अभियानात खराटा आला आणि संध्याकाळचं कीर्तन राहिलं. शाळेत ‘गाडगेबाबांनी हातात खराटा का घेतला?’ असा प्रश्न येतो, त्याखाली ‘स्वच्छतेचे महत्त्व पटवून देण्यासाठी’ हे उत्तर मुलं मार्गदर्शिकेतून उतरवतात आणि दोन गुण मिळवतात. आयुष्यभर लोकांना स्वतःचं उत्तर द्यायला लावणाऱ्या माणसाबद्दलचं उत्तर आपण मुलांना पाठ करायला देतो. याचं मला वाईट वाटतं आणि मी हे ज्या ज्या शिक्षक-सभेत संधी मिळाली तिथं बोलले आहे.

बाबांचा आवाज आपल्याकडं आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या जेमतेम दीड महिना आधी, मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. घोगरा, थकलेला, अस्सल वऱ्हाडी आवाज. ते आज कुठल्याही मोबाइलवर ऐकता येतं. येत्या २० डिसेंबरला गावोगावी पुतळ्याला हार घातला जाईल, परिसर झाडला जाईल, भाषणं होतील. माझं शिक्षकांना, सरपंचांना आणि बचत गटांतल्या बायांना एवढंच सांगणं आहे: त्या दिवशी भाषणं आवरती घ्या आणि ते कीर्तन लावा. बाबांनी प्रश्न विचारला की तिथं ते थांबवा. समोर बसलेल्यांना उत्तर देऊ द्या. पोरींना आधी देऊ द्या. सगळे गप्प बसले, तर पुढं लावायची घाई करू नका.